एका रात्रीचं गॅदरिंग की वर्षभराचा हंगाम?

गॅदरिंगची तारीख लागली की हॉस्टेलमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो – "यंदा डीजे कोण?" उत्तर मिळेपर्यंत मेसपासून लॅबपर्यंत तीच चर्चा. मग तो दिवस उजाडतो. ट्रकमधून स्पीकरच्या भिंती उतरतात, एलईडीचा पडदा उभा राहतो, जनरेटर घरघरायला लागतो. रात्री दहा वाजता नियमाप्रमाणे आवाज बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईदादा ग्राउंडवरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करताना दिसतात. झालं आपलं सांस्कृतिक वर्ष! उरलेले ३६४ दिवस सबमिशन, जर्नल, व्हायवा आणि मोबाईल.

आधीच सांगते, डीजेवर माझा राग नाही. नाचायला मलाही आवडतं आणि ती एक रात्र कुणी काढून घेऊ नये. माझा प्रश्न पैशांच्या आणि वेळेच्या वाटणीचा आहे. वर्षभराचा सगळा उत्साह आणि जवळजवळ सगळा निधी एकाच रात्रीत का ओतायचा? त्यातला निम्मा जरी बाजूला काढला तरी ऑगस्टपासून मार्चपर्यंत दर महिन्याला एक छोटा कार्यक्रम सहज होईल. कधी गाणं, कधी कविता, कधी कीर्तन, कधी एकपात्री, कधी नमन. म्हणजे एक 'हंगाम' – आंब्याला असतो तसा! आणि त्या हंगामातले निम्मे कलाकार याच तालुक्यातले असावेत, हे माझं म्हणणं.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. महाराष्ट्राला हंगामाची सवय फार जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तेव्हा ना माईक होता ना एसी हॉल. माणसं ठरलेल्या वेळी येत, बसत आणि एका माणसाचं बोलणं ऐकत. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. आज तो केवढा मोठा झाला आहे ते सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात शिष्याने गुरूसाठी केलेल्या कार्यक्रमाची होती. या दोन्हींचं गमक एकच – नेम. दर वर्षी, ठरलेल्या दिवसांत, पाऊस येवो की मंदी येवो. ऐकणाऱ्याला सवय लागली की पुढचं काम सोपं होतं.

आणि इंजिनीअर लोकांचा याच्याशी काय संबंध, असं कुणाला वाटत असेल तर किरण सेठ हे नाव लक्षात ठेवा. आय.आय.टी. खरगपूरचे मेकॅनिकल इंजिनीअर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. तिथे असताना डागर बंधूंचं ध्रुपद ऐकलं आणि माणूस त्याच्यातच अडकला. भारतात परत येऊन ते आय.आय.टी. दिल्लीत शिकवायला लागले आणि १९७७ साली त्यांनी 'स्पिक मॅके' ही चळवळ सुरू केली. कल्पना साधी होती. शास्त्रीय कलाकार कॉलेजात येतील, तिकीट नसेल, मुलं जमिनीवर सतरंजीवर बसतील, कलाकार थोडं समजावून सांगेल आणि मग गाईल-वाजवेल. सगळं आयोजन स्वयंसेवक करतील. स्टेशनवर कलाकाराला आणायला जाणारा, तानपुरा सांभाळणारा, चहा देणारा, सगळे विद्यार्थीच. या एका कल्पनेवर देशभरात हजारो शाळा-कॉलेजांत कार्यक्रम झाले. मोठमोठे उस्ताद आणि पंडित शाळेच्या हॉलमध्ये येऊन गायले-वाजवले. २००९ साली किरण सेठांना पद्मश्री मिळाली आणि २०२२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते याच कामासाठी सायकलवरून श्रीनगरहून कन्याकुमारीला निघाले. मेकॅनिकलच्या माणसाला हे जमतं, तर आपल्या पाच ब्रँचेसना मिळून आठ कार्यक्रम जमू नयेत?

आता आपण राहतो कुठे ते बघू. अंजनवेल म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते – वीजप्रकल्प. आधी एन्रॉन, २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर, क्षमता १९६७ मेगावॅट. इलेक्ट्रिकलच्या मुलांचा तर तो तोंडपाठ आकडा. फार तर कुणी गोपाळगड सांगेल, दीपगृह सांगेल, धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट सांगेल. सगळं डोळ्यांनी बघायचं, फोटो काढायचे आणि स्टेटसला टाकायचे. पण या गावाचा, या तालुक्याचा आवाज कसा आहे? चार वर्षं इथे काढून पदवी घेऊन जाणाऱ्या किती जणांना तो सांगता येईल?

खरं तर या पट्ट्याला स्वतःचा हंगाम आहे आणि तो आपल्या ॲकॅडमिक कॅलेंडरपेक्षा जुना आहे. गणपतीत जाखडी असते. मधे ढोलकी आणि गाणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचणारे गोल धरतात आणि पाय असे पडतात की जमीन हलते. मुंबईत याला 'बाल्या डान्स' म्हणायचे, कारण कामाला गेलेल्या कोकणी गड्याच्या कानात बाळी असायची. त्यातच शक्ती-तुऱ्याचा सामना असतो. एक शाहीर शक्तीचा, दुसरा तुऱ्याचा. पहिला पुराणातला अवघड प्रश्न गाण्यात घालतो, दुसऱ्याला उत्तर गाण्यातच द्यावं लागतं. आपल्याला व्हायवामध्ये दोन एक्स्टर्नल बघितले की घाम फुटतो. इथे एक्स्टर्नल समोर, प्रेक्षक चारी बाजूंना आणि उत्तर सुरात आणि यमकात! परळच्या दामोदर हॉलमध्ये चाकरमान्यांनी या सामन्यांना वर्षानुवर्षं गर्दी केली. तिकीट काढून केली, हे महत्त्वाचं.

शिमग्यात नमन-खेळे. पालखी घरोघर फिरत असते, मुंबईची माणसं रजा टाकून आलेली असतात आणि रात्री मृदंगावर थाप पडते. आधी देवाला नमन, मग गण, मग गवळण, मग वग. काळ्या पोशाखातला, उंच टोकदार टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर आला की लहान पोरं आईच्या मागे लपतात आणि मोठी माणसं हसतात. तो काहीही बोलू शकतो. सरपंचाला टोमणा मारतो, रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलतो, गावातल्या नव्या बंगल्यावर बोलतो. 'स्टँड-अप' बघायला आपण मोबाईलचा डेटा संपवतो. इथे तो हाकेच्या अंतरावर उभा आहे!

आणि फक्त एवढंच नाही. देवळात कीर्तन असतं, त्यात पूर्वरंगात तत्त्वज्ञान आणि उत्तररंगात आख्यान. एकच माणूस गातो, बोलतो, अभिनय करतो आणि दोन तास लोकांना धरून ठेवतो. आपले काही सर पन्नास मिनिटांत वर्ग झोपवतात (सर, हलकेच घ्या!). कोकणी मुस्लिम घरांत लग्नाला बायका आपल्या बोलीत गाणी म्हणतात. १४ एप्रिलला बौद्धवाड्यांत भीमगीतं होतात. ज्या जिल्ह्यात बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आहे, तिथे त्या गाण्यांना वेगळंच वजन आहे. केशवसुतांचं मालगुंड याच जिल्ह्यात. एवढी विविधता एका फेस्टिव्हलला विकत घ्यायची म्हटलं तर स्पॉन्सर शोधत फिरावं लागेल.

मग अडतं कुठे? एक तर अंतर. रत्नागिरीत खल्वायनची मासिक संगीत सभा होते, थिबा राजवाड्यात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो. पण इथून जायचं तर तवसाळची फेरीबोट नाहीतर चिपळूणचा वळसा, आणि रात्री परत कसं यायचं? दुसरं कारण मात्र अंतराचं नाही. शिमग्यात रात्री अकरा वाजता मुलांच्या हॉस्टेलमधून बाईक सुटतात. मुलींच्या हॉस्टेलचं गेट तोपर्यंत कधीच बंद झालेलं असतं. म्हणजे इथल्या संकासुराची ओळख करून घ्यायचा हक्क कॉलेजमधल्या निम्म्या विद्यार्थ्यांनाच! गेट किती वाजता बंद व्हावं हा वाद मी या लेखात घालत नाही, त्यावर स्वतंत्र लेख होईल. पण कार्यक्रम गेटच्या आत, संध्याकाळी सहाला झाला तर रेक्टर मॅडमनाही काळजी नाही आणि आम्हालाही परवानगीच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात काय लिहावं याचं कोडं नाही. उलट मॅडमनी पहिल्या रांगेत बसावं, अशी आमची इच्छा आहे.

तिसरं कारण जास्त टोचणारं आहे. मेसमध्ये आपल्याला रोज वाढणारे एक दादा शिमग्यात आठ दिवस रजा घेतात. आपण 'आता आठ दिवस भाजी अळणी' म्हणून कुरकुर करतो. ते खेळ्यांत मृदंग वाजवतात. हे कॉलेजमध्ये किती जणांना माहीत आहे? वर्षभर ते आपल्या ताटात पोळी वाढतात, आणि ज्या गोष्टीत ते उस्ताद आहेत तिथे आपण त्यांच्यासमोर कधी बसलेलोच नाही. गॅदरिंगच्या रात्री गावातली माणसं कंपाउंडच्या बाहेर उभी राहून आपला डीजे ऐकतात आणि आपण आत. त्यांनी आपलं ऐकायचं, आपण त्यांचं नाही. हा व्यवहार मला तरी बरोबर वाटत नाही.

काही जण म्हणतील, युथ फेस्टिव्हल आहे की! मुंबई विद्यापीठाच्या युथ फेस्टिव्हलमध्ये लोकनृत्यापासून वक्तृत्वापर्यंत सगळं असतं आणि आपली टीमही जाते. मान्य. त्यातून कितीतरी नट-गायक पुढे आले. पण स्पर्धेत घड्याळ लावलेलं असतं. रात्रभर चालणारी गोष्ट दहा मिनिटांत बसवायची, म्हणून त्यातला फक्त झगमगाट घ्यायचा. आणि तिथे प्रेक्षक कोण? पुढची टीम, जी मेकअप करत असते. स्पर्धेत सादर कसं करायचं ते शिकता येतं. ऐकायचं कसं ते शिकायला दुसरी जागा लागते, आणि ती जागा हंगामाची.

ऐकण्याचा मुद्दा मला वेगळ्या कारणानेही जवळचा वाटतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा शंभर मार्कांचा एक विषय होता, तोही गाईड वाचून सुटणारा. आपल्या वर्गात माझ्यासारखे बरेच आहेत. आमच्या हातात मराठी कादंबरी दिली तर दहाव्या पानावर गाडी अडते. पण कुणी समोर उभं राहून बोलायला लागलं की न कळलेला शब्दसुद्धा आवाजावरून, हातवाऱ्यांवरून, शेजारच्याच्या हसण्यावरून कळतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर एकत्र गावोगाव फिरून कविता म्हणत. ऐकायला येणाऱ्या सगळ्यांनी त्यांची पुस्तकं वाचलेली थोडीच असणार? मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकटे करायचे. रंगमंचावर एक माणूस आणि पात्रं ५२! ना सेट, ना एलईडीचा पडदा. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने भाषेच्या आणि आवाजाच्या जोरावर हे केलं. 'मराठी वाचवा' म्हणून आम्हाला भाषण देण्यापेक्षा मराठी ऐकवा. वाचायचं आमचं आम्ही बघू.

आता आक्षेप. पहिला – "अभ्यास कधी करणार? के.टी. लागली तर?" महिन्यातून दोन तास. तेवढा वेळ तर आपण रील्स बघण्यात एका संध्याकाळी घालवतो. दुसरा – "पोरं येणारच नाहीत." पहिल्या कार्यक्रमाला वीस जण येतील, हे मीही धरून चालते. वीस जणांसमोर उत्तम होणारे कार्यक्रमच आधी ठेवायचे. आणि कृपा करून अटेंडन्सची सक्ती नको. सक्तीने बसवलेला श्रोता मागच्या रांगेत गेम खेळतो आणि कलाकाराला ते दिसतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. नमन-खेळे ही देवाची सेवा आहे, त्याला जागा आहे, दिवस आहे, मान आहे. ते उचलून स्टेजवर आणायचं म्हणजे त्याचा तमाशा करायचा का? हा प्रश्न गावातल्या माणसांनी विचारला तर तो योग्यच आहे. त्याचं उत्तर आपण द्यायचं नाही, त्यांना विचारायचं. जे देवळाच्या अंगणातच व्हायला हवं ते तिथेच राहू दे. ज्या मंडळांचे प्रयोग एरवीही रंगमंचावर होतात त्यांना बोलवावं. काय दाखवायचं, किती वेळ, कोणत्या क्रमाने, हे त्यांनी ठरवावं. आपण फक्त सतरंजी घालावी.

चौथा आक्षेप पैशांचा. इथे मला एक सोपी मागणी करायची आहे. गॅदरिंगचा हिशेब नोटीस बोर्डावर लावा. फी आपण भरतो, वर्गणी आपण काढतो, मग साउंडला किती गेले आणि लाईटला किती, हे कळायला काय हरकत आहे? आकडे समोर आले की किती वाचवता येईल ते फर्स्ट इयरचा मुलगाही सांगेल. मात्र वाचवायचं म्हणून स्थानिक कलाकाराला शाल-श्रीफळ देऊन पाठवायचं, हे चालणार नाही. मुंबईच्या डीजेला ॲडव्हान्स आणि गावच्या शाहिराला नारळ, असं कसं? मानधन आधी ठरवावं, त्याच दिवशी द्यावं, येण्याजाण्याची गाडी द्यावी आणि जेवण आपल्या मेसमध्ये, आपल्याबरोबर.

हंगाम कसा असावा याचा माझा कच्चा आराखडा असा आहे. ऑगस्टमध्ये कवितावाचन. लावणीची कामं आटपत आलेली असतात, बाहेर पाऊस असतो, वीज गेली तरी कविता थांबत नाही. सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आसपास, जाखडी. ऑक्टोबरमध्ये कोजागरीला गच्चीवर बासरी किंवा सतार. नोव्हेंबर-डिसेंबर परीक्षेचे, तेव्हा काही नको. जानेवारीत शास्त्रीय गायन, 'स्पिक मॅके'सारख्या पद्धतीने, समजावून सांगत. फेब्रुवारीत २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी एकपात्री. त्याच महिन्यात एक संध्याकाळ बायकांच्या गाण्यांची, ओव्यांपासून कोकणी मुस्लिम लग्नगीतांपर्यंत. मार्चमध्ये शिमगा उरकल्यावर, मंडळांना सवड असेल तेव्हा नमन. आणि एप्रिलमध्ये भीमगीतांनी समारोप. एकूण आठ. डीजे नाईट जानेवारीत कुठेही बसवा, आमचं काही म्हणणं नाही!

यात आपल्या ब्रँचेसनाही काम आहे. सिव्हिलवाल्यांनी सेमिनार हॉलचा घुमणारा आवाज मोजावा आणि स्वस्तात कमी करून दाखवावा. ई.अँड टी.सी.वाल्यांनी चांगलं रेकॉर्डिंग करावं, कलाकाराची परवानगी घेऊन आणि त्याची प्रत त्याला देऊन. कॉम्प्युटरवाल्यांनी ते नीट नावानिशी साठवावं, म्हणजे दहा वर्षांनी इथे येणाऱ्या मुलाला या काळातलं नमन कसं होतं ते ऐकता येईल. मिनी प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही म्हणून सिनिअर्सच्या फाइली शोधणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. आणि वरून परवानगीचा प्रश्न असेल तर प्राचार्य सरांना एक आठवण – २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय की स्थानिक कलाकारांना शिक्षणात आणावं आणि उच्चशिक्षण संस्थांत निवासी कलाकार असावेत. आपण तर फक्त संध्याकाळपुरतं बोलावतोय.

मित्रांनो, प्लेसमेंट झाली की आपण पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर त्याहून लांब जाणार. डीजे तिथेही मिळेल, याच्यापेक्षा मोठा मिळेल. अंजनवेलचा मृदंग मिळणार नाही. म्हणून विद्यार्थी कौन्सिलला आणि कल्चरल कमिटीच्या सरांना विनंती आहे की येत्या बैठकीत एवढा एकच ठराव घ्यावा – ऑगस्टमध्ये पहिला कार्यक्रम, सेमिनार हॉल, संध्याकाळी सहा, प्रवेश सर्वांना, गावालाही. सतरंज्या अंथरायला आमच्या हॉस्टेलमधल्या सात जणींनी नावं दिली आहेत. मुलांच्या हॉस्टेलमधून किती येताय ते कळवा. आणि मेसमधल्या दादांना मार्चसाठी आत्ताच विचारून ठेवा, नंतर त्यांच्या तारखा मिळत नाहीत!